डॉक्टरकडे जाताना रिपोर्टची थप्पी नको, एक पान न्या

आईच्या थायरॉइडच्या अपॉइंटमेंटला दरवेळी तेच, पिशवीतून रिपोर्ट काढता काढताच वेळ संपायचा आणि रिक्षात बसल्यावर आठवायचं की अगं, पायाला सूज येते ते सांगायचंच राहिलं. आता वहीचं एकच पान करते.

१) वर रिपोर्ट. तारीख, टेस्ट, आकडा, युनिट आणि त्याच लॅबची नॉर्मल रेंज. जुने दोन-तीन आकडे शेजारी लिहा, म्हणजे टीएसएच (थायरॉइडच्या टेस्टमधला मुख्य आकडा) ९ वरून ६ वर आलाय हे डॉक्टरांना पटकन दिसतं, नाहीतर ठळक छापलेला ६ बघून आपण उगाच घाबरत बसतो. आणि युनिट विसरू नका हं, व्हिटॅमिन डी एका लॅबच्या युनिटमध्ये २० आणि दुसरीच्या युनिटमध्ये ५० असलं तरी ते सारखंच असू शकतं.

२) खाली त्रास. "कसंतरीच होतं" नको, "दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलं की दम लागतो, १५ दिवस झाले" असं. ज्याची सगळ्यात काळजी वाटते ते पहिलं, आणि आत गेल्या गेल्या सांगायचं.

३) गोळ्यांच्या स्ट्रिपचे फोटो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो (आम्हाला फार उशिरा कळलं).

फक्त छातीत दुखणं, अचानक धाप, तोंड वाकडं होणं किंवा बोलताना जीभ जड होणं असलं काही झालं तर वहीबिही शोधू नका, सरळ १०८ ला फोन.