भरतीच्या मेडिकलला बाहेर पडायचं नसेल तर या चुका टाळा

सैन्यभरतीचा मेळावा उरकला की चार दिवसांत आमच्या ओट्यावर कुणाचा तरी बाप येऊन बसतो. पोरगा लेखीत पास, सोळाशे मीटरला पहिल्या घोळक्यात, बीम (दांडीला लटकून अंग वर ओढणं) दहाच्या दहा, आणि मेडिकलला बाहेर. "मेजर, ओळख असंल तर बघा की कायतरी." मी मेजर नाही. मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, हवालदार म्हणून घरी आलो. पण आमच्याकडं पेन्शनीवर आलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो, म्हणून मी ते दुरुस्त करणं सोडून दिलंय. ओळख वगैरे काही नाही. भरतीच्या मेडिकलला डॉक्टरांशेजारी बसून बरीच वर्षं कागद भरलेत, आणि त्याच त्याच चुका बघून आता वैताग येतो, एवढंच.

मेडिकल शेवटी असतं, म्हणून शेवटीच बघायचं

२०२३ पासून अग्निवीर भरतीचा क्रम बदलला. आधी ऑनलाइन लेखी, मग मेळाव्यात पळणं, बीम, नऊ फुटी खड्डा, झिगझॅग, आणि त्यानंतर मेडिकल. पोरांच्या डोक्यात तयारीचाही हाच क्रम बसतो. दोन वर्षं पळायचं, अकॅडमीची फी भरायची, त्यासाठी बापानं म्हैस विकायची, आणि डोळे आयुष्यात पहिल्यांदा तपासायचे ते थेट मिलिटरीच्या डॉक्टरपुढं.

माझ्याकडं भरतीच्या तयारीला नवीन पोरगा आला की पहिले दोन दिवस मी त्याला पळू देत नाही. बूट नवे असतात, पाय शिवशिवत असतात, तोंड वाकडं करतो. करू दे. कपडे काढून उभा करतो, टाचा उचलायला लावतो, उकिडवा बसवतो, खोकायला सांगतो (हर्निया असेल तर खोकताना हाताला लागतो), दात बघतो, तळहात बघतो. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं आणि सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसावाल्याकडं. जे निघेल ते पहिल्याच आठवड्यात कळतं. हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, नाकाचं वाकडं हाड यांची ऑपरेशनं होतात, पण ऑपरेशननंतर ठरावीक काळ जावा लागतो. हर्नियाचं म्हणाल तर साधारण सहा महिने. मेळाव्याच्या महिनाभर आधी टाके घालून गेलात तर टाक्यांवरच बाहेर काढतील.

काही पोरं हे ऐकून दुसऱ्या दिवशीपासून येतच नाहीत. पलीकडच्या ग्राउंडवर पहिल्याच दिवशी शिट्टी मारून पळवतात, तिकडं जातात.

रंगांचं पुस्तक पाठ करणं

हे जरा सविस्तर सांगतो, कारण यात माझीही चूक आहे.

एक पोरगा मेळाव्याला दोन महिने राहिले असताना माझ्याकडं आला. आधी दुसरीकडं अडीच वर्षं तयारी केलेली. पळायला असा, की बाकीची पोरं त्याच्या मागं धूळ खायची. मी म्हटलं, याचं आता काय तपासायचं, अडीच वर्षांत कुणीतरी तपासलंच असेल. फक्त टायमिंग घेत राहिलो.

त्याला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता, आणि हे त्याला माहीत होतं. जुन्या ठिकाणच्या एका पोरानं त्याला ठिपक्यांच्या पुस्तकाची पीडीएफ दिली होती. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरनं १९१७ साली काढलेल्या त्या तक्त्या. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत आकडा लपवलेला असतो. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो. पुढं जिथं आपल्याला ७४ दिसतो, तिथं रंगांधळ्याला २१ दिसतो किंवा काहीच दिसत नाही. या पठ्ठ्यानं सगळं पुस्तक पाढ्यासारखं पाठ केलं. कितव्या पानावर कुठला आकडा, घडाघडा.

मेडिकलला डॉक्टरनं पुस्तक मागून उघडलं.

पोरानं सवयीनं "१२" म्हटलं. डॉक्टर काही बोलले नाहीत, मधलंच एक पान काढलं. त्यावर आकडाच नव्हता, वळणावळणाची रेघ होती. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी अशी पानं असतात. "या रेघेवरून ब्रश फिरव." त्यानं ब्रश हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. मग अंधाऱ्या खोलीत कंदील. लांब बारीक दिवा लागतो, तांबडा, हिरवा नाहीतर पांढरा, आणि त्याचं नाव सांगायचं. त्याचं काही पाठांतर होत नाही. रंगदृष्टीला सीपी (कलर परसेप्शन) म्हणतात, तिच्या पायऱ्या असतात, आणि कुठल्या कामाला कुठली पायरी चालते ते ठरलेलं असतं. हा शेवटच्या पायरीच्याही खाली होता. पर्मनंट अनफिट.

नंतर त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, "मिरची तोडायला ह्याला कधी न्हेलाच नाही मी. लालीत निम्मी हिरवी आणायचा." मी विचारलं, तुमच्या भावाचं काय? "त्याचं बी तसंच. लग्नाच्या बस्त्याला आम्ही त्याला रंग विचारत नव्हतो, हसायचो." म्हणजे सगळ्या घराला माहीत होतं, फक्त याला रोग म्हणतात हे माहीत नव्हतं. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स एकच मिळतो, तोही आईकडून. म्हणून बाप्यांत हा जास्त सापडतो, आणि म्हणूनच मी आता नव्या पोराला नाव-गाव विचारून झालं की मामाबद्दल विचारतो. पोरं हसतात.

जन्मजात रंगांधळेपणाला औषध नाही, ऑपरेशन नाही. रंगीत चष्मे आणि लेन्स विकणारे खूप भेटतील, पण त्या लावून तपासणी होत नाही. हा नियम छळायला केलेला नाही. रात्री आकाशात सोडलेला सिग्नल तांबडा होता की हिरवा, यावर पुढं सरकायचं की थांबायचं हे ठरत असतं.

तो पोरगा तेव्हा वीस संपून एकविसात होता. अग्निवीरचं वयही संपत आलेलं, आणि अडीच वर्षांत दुसरं काही शिकलेला नाही. पहिल्या आठवड्यात डोळे दाखवले असते तर आयटीआय तरी झाला असता. आता दूध संकलन केंद्रावर आहे, आणि सकाळी माझ्या पोरांचं टायमिंग तोच घेतो.

टेंपररी म्हणजे फेल समजणं

मेडिकलला दोन प्रकारचे नकार असतात. पर्मनंटचा अर्थ सरळ आहे. टेंपररी म्हणजे "हे दुरुस्त करून ये" किंवा "याचा तज्ज्ञ ठरवेल". हातात स्लिप मिळते, कुठल्या मिलिटरी हॉस्पिटलला आणि किती दिवसांत जायचं ते त्यावर असतं. मुदत दिवसांत मोजलेली असते, महिन्यांत नाही. गावी जाऊन जत्रा करून मग जाऊ, असं चालत नाही. एकानं रागानं स्लिप एसटी स्टँडवरच फाडली. कशासाठी होती? दाताच्या कीडीसाठी.

आणि कान. कानातल्या मळासाठी टेंपररी मिळालेली पोरं मी मोजणं सोडलंय. मळ काढला की संपलं, इतकं साधं. पण एकाला लॉजवर रात्री धीर निघेना. मोटरसायकलच्या किल्लीनं कान कोरला. सकाळी उशीवर रक्त, आणि तपासणीत पडद्याला भोक. मळाचं काम दहा मिनिटांचं होतं, पडद्याचं ऑपरेशन, मग भरून यायची वाट, मग पुढची भरती. बड, किल्ली, हेअरपिन, काडी, काहीही कानात घालू नका. पंधरा दिवस आधी डॉक्टरनं दिलेले थेंब टाका आणि त्याच्याच हातानं मळ काढून घ्या. माझी पोरं मेळाव्याआधी रांगेनं जातात, डॉक्टर मला हसतात.

रिमेडिकलला, म्हणजे टेंपररीनंतरच्या फेरतपासणीला, जाताना बाहेरच्या डॉक्टरचं "फिट" असं सर्टिफिकेट घेऊन भांडायला जाऊ नका. तिथं ते चालत नाही. पण रिपोर्ट जवळ असू द्या, म्हणजे आपल्याला नेमकं काय आहे हे नीट सांगता येतं.

अधिकारी व्हायला एसएसबीतून (अधिकारी निवडणारं बोर्ड) गेलेल्यांचा रस्ता वेगळा आहे. पहिल्या बोर्डानं अनफिट म्हटलं तर ४२ दिवसांच्या आत अपील मेडिकल बोर्डापुढं जाता येतं. तिथंही नाही झालं तर रिव्ह्यू बोर्ड, तो दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटलला किंवा पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज) होतो. मात्र तो मागितला की मिळतोच असं नाही. शहरातली शिकलेली पोरंसुद्धा हे ४२ दिवस "बघू" म्हणत घालवतात.

गुडघे आणि तळवे

दोन्ही गुडघे चिकटवून उभं राहायचं आणि घोट्याच्या आतल्या हाडांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं. मुलांत पाच सेंटीमीटरच्या वर गेलं की अडचण. मांड्या जाड असल्या तरी अंतर जास्त दिसतं, ते वजन उतरवून कमी होतं. पण हाडच तिरकं असेल तर अठराव्या वर्षी ते उशी बांधून झोपल्यानं सरळ होत नाही, व्हिडिओत कुणी काहीही दाखवू दे. पट्ट्यानं गुडघे आवळून झोपलेल्या एका पोराच्या पायाला मुंग्या येऊन तो आठवडाभर लंगडत होता.

सपाट तळव्यांची भीती मात्र उगीच जास्त आहे. ओला पाय फरशीवर ठेवला आणि पूर्ण ठसा उमटला की पोरं रडायला लागतात. चवड्यांवर उभे राहा. तळव्याची कमान परत आली, पाय लवचीक आहे, दुखत नाही, चवड्यांवर पळता येतंय, तर सहसा अडवत नाहीत. कमान येतच नसेल तर तो वेगळा मामला.

एका ओळीचे मामले

टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे, पण दंडावर विंचू काढलेल्याला नाही.

दाताचे किमान १४ गुण लागतात, म्हणून दुखली की दाढ उपटून टाकायची सवय सोडा, भरून घ्या.

नंबर घालवायला लेसिक करणार असाल तर अधिकारी भरतीत वयाची वीस वर्षं झाल्यावर केलेलं आणि बारा महिने उलटलेलं लागतं, शिवाय बुबुळाची जाडी वगैरे अटी आहेत. शिपाई भरतीला जाणाऱ्यानं त्या वर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय डोळ्याला हात लावू देऊ नये.

आदल्या दिवशी दहा किलोमीटर पळू नका, लघवीत प्रोटीन दिसतं आणि मग खुलासे करत बसावं लागतं.

आजोबांची बीपीची गोळी खाऊन जाऊ नका. एकजण गेला होता, नाडी इतकी खाली की डॉक्टरनं आधी त्याला झोपवलं. घाबरून वाढलेलं बीपी डॉक्टरांना कळतं. शंका असेल तर चोवीस तास यंत्र लावून बघतात.

लपवणं

आमच्याकडं मिरगीला "फिट येणं" म्हणतात, आणि फिट येणारं पोरगं फिट म्हणून पाठवायचा हट्ट धरणारे बाप मी पाहिलेत. "तीन वर्षं झाली आली नाही, कशाला सांगायचं?" ट्रेनिंगमध्ये झोप कमी, उन्हात उभं राहणं, अंगावर वजन. लपवलेलं सगळं तिथं वर येतं. फायरिंगला शेजारी भरलेल्या रायफली घेऊन पोरं पालथी पडलेली असताना येतं. दम्याचंही तेच. फॉर्मवर खोटं लिहिलेलं उघडं पडलं की घरी पाठवतात, आणि तेव्हा कुणाच्या ओट्यावर बसून उपयोग नसतो. यावर माझ्याशी वाद घालू नका, मी ऐकत नाही.

"मेडिकल करून देतो" म्हणणारा

तो प्रत्येक तालुक्यात असतो. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. त्याचा धंदा समजून घ्या. तो दहा पोरांकडून पैसे घेतो आणि काहीही करत नाही, कारण त्याला काही करताच येत नाही. दहांतली तीन पोरं आपल्या अंगच्या बळावर पास होतात. त्यांचे पैसे तो ठेवतो. उरलेल्या सातांचे परत देतो, "या वेळी साहेब बदलले" म्हणून सांगतो. आणि पैसे बुडवले नाहीत म्हणून तीच सात घरं पुढच्या भरतीला नव्या पोरांना त्याचा नंबर देतात.