सीलबंद प्रूफ सेटवर डाग पडलेत? आधी सील फोडू नका
सांगलीच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं मुंबई टांकसाळीचे जुने प्रूफ सेट (संग्राहकांसाठी आरशासारखी चकाकी देऊन पाडलेली नाणी) कसे सुटणार. आधी भिंगातून बघा डाग प्लास्टिकवर आहे का नाण्यावर. चांदीवर पिवळा-निळा-काळा रंग म्हणजे गंधकाची करामत, राहू द्या, मला तर आवडतो. पांढरे दुधाळ ठिपके सहसा निघतच नाहीत, नादी लागू नका. हिरवा चिकट थर असेल तर मात्र पीव्हीसी, म्हणजे पाकिटाच्या मऊ प्लास्टिकमधून सुटलेला चिकटा, तो नाणं खातो, मग सील काढून काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा, खिडकी उघडी, गॅस बंद, आणि पुसायचं अजिबात नाही कारण त्या आरशासारख्या भागावर कापसाचाही ओरखडा उठतो. चिंच, टूथपेस्ट नको. नंतर पीव्हीसी नसलेली कॅप्सूल, डब्यात सिलिका जेल.