गणपती गेले, आता परड्यात उतरा

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की चाकरमानी मुंबईच्या गाड्या धरतात आणि परड्याकडे, म्हणजे घरामागच्या भाजीच्या वाडीकडे, कुणी फिरकत नाही. ऋषिपंचमीची भाजी झाली, अळूचं फदफदं झालं, पाहुणे गेले. उरलंसुरलं वेलावर लोंबत राहतं. माझ्या मते परड्याचं खरं काम इथून पुढे आहे. अनंत चतुर्दशीपासून दसऱ्यापर्यंत तुम्ही काय तोडता, काय मुद्दाम वेलावर ठेवता आणि काय मुळासकट उपटता, त्यावर दिवाळीला घरची भाजी मिळणार का आणि पुढच्या मिरगाला घरचं बी असणार का, हे ठरतं.

मी लिहिते आहे ते गुहागर तालुक्यातल्या परड्याबद्दल. जांभ्याची जमीन, तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस आणि मागच्या दारी विहीर. देशावर काळी जमीन असेल तर दिवस थोडे मागेपुढे होतील, रीत तीच.

आधी तोडणी. भेंडी, काकडी, शिराळी (दोडकी) यांना एकच कळतं: बी तयार करायचं. एक फळ जून झालं की झाड आपली ताकद त्या बियांत घालतं आणि नवी फुलं धरेनाशी होतात. म्हणून घरात भाजी नको असली तरी दिवसाआड तोडायचीच. शेजारी द्या. पितृपंधरवड्यात कारली, भेंडी, गवार, तांबडा भोपळा कुणालाही हवाच असतो आणि बाजारात तेव्हा भाव चढलेले असतात. फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडणीला येते. टोक बोटाने मोडून पाहा. कट्‌कन मोडलं तर ठीक, नुसतं वाकलं तर ती सांबारातही शिजायची नाही. तोडायला सकाळी जा, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालून, कारण भेंडीची लव दिवसभर हाताला खाजवते. आणि ओरबाडू नका. देठ कातरीने कापा, नाहीतर झाडाची साल खालपर्यंत सोलत येते.

शिराळ्याला नख लावून पाहायचं. सहज रुतलं की तोडा. जून शिराळं म्हणजे नुसता चोथा. पडवळाच्या टोकाला बारीक दगड बांधायची पद्धत तुम्ही पाहिली असेल. ती शोभेची नाही, त्याने पडवळ सरळ वाढतं आणि मांडवाच्या काठ्यांत अडकत नाही. दगड फळ वीतभर झालं की बांधायचा आणि सुपारीएवढाच, मोठा बांधलात तर देठच निसटेल. शिराळ्याची फुलं संध्याकाळी उमलतात, पडवळाची रात्री. फुलं भरपूर आणि फळ नाही अशी तक्रार असेल तर दिवेलागणीला मांडवाखाली जा, नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच फिरवा. मादी फुलामागे इवलंसं फळ असतं, नरामागे नुसता देठ. काकडीचं हेच काम सकाळी, पण तिथे बहुतेक मधमाश्या तुमच्या आधी पोचलेल्या असतात.

तांबडा भोपळा मात्र घाईने काढू नका. देठ सुकून खरबरीत झाला आणि सालीत नख शिरेना, की तो तयार. चार बोटं देठ ठेवून कापा, देठाला धरून उचलू नका, आठ-दहा दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा. मग तो माळ्यावर महिनोन्‌महिने राहतो. कोहळ्यावर पांढरी पावडर धरली की तोही तसाच. दोन-चार काकड्या पिवळ्या-तांबूस होईपर्यंत ठेवा, म्हणजे धोंडसाला, आमच्या काकडीच्या गोड पदार्थाला, तवसं (जून, पिकलेली काकडी) मिळेल. सुंभात बांधून वाशाला टांगलेलं तवसं बरेच दिवस टिकतं. माझ्या जाऊबाई फ्रीजमध्ये ठेवतात. ठेवोत.

आता बियाण्याचं. तोडायला टोपली घेऊन जाण्याआधी बियाण्याची फळं ठरवा, नाहीतर शेवटी उरलेलं किडकं फळ बियाण्याला राहतं. सासूबाई वेलाच्या निरोगी, लवकर धरलेल्या फळाला तांबडी चिंधी बांधायच्या आणि त्या चिंधीला घरातलं कुणी हात लावायचं नाही. मीही तेच करते. भेंडी झाडावरच वाळून तिच्या शिरा उकलायला लागेपर्यंत ठेवायची, शिराळं हलवल्यावर आत बिया वाजेपर्यंत. काकडीचा गर बियांसकट वाटीभर पाण्यात एक-दोन दिवस आंबू द्या. वरची पोकळ बी फेका, तळाची धुऊन सावलीत वाळवा आणि राखेत घोळवून बाटलीत भरा. हे सगळं गावठी किंवा सुधारित वाणांनाच लागू. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण तारा’ कारलं, ‘परभणी क्रांती’ भेंडी यांचं बी घरी धरता येतं. संकरित पाकिटातल्या झाडाचं बी धरलंत तर पुढच्या वर्षी काय उगवेल याचा नेम नाही.

या दिवसांतला मोठा शत्रू फळमाशी. कोवळ्या काकडीवर, कारल्यावर, पडवळावर डिंकासारखा थेंब दिसला आणि फळ तिथेच वाकलं, की समजा माशीने आत अंडी घातली. अळ्या आतून फळ खातात, मग खाली पडून मातीत कोष करतात आणि तिथून पुन्हा माश्या निघतात. त्यामुळे वेलावर कितीही फवारलंत आणि खाली पडलेली फळं तशीच राहू दिलीत, तर सगळं फुकट. सडकी फळं रोज वेचा. खताच्या खड्ड्यात टाकू नका. मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोन फूट खोल पुरा. वेलाखालची माती आठवड्याला वरवर उकरा, कोष उघडे पडतात आणि कोंबड्या असतील तर त्या उरलेलं काम करतात. फळ बोटाएवढं झालं की त्यावर जुन्या सुती साडीची पिशवी चढवा. वर्तमानपत्राची पिशवी पाऊस ओसरल्यावर चालते, हस्ताच्या सरीत तिचा लगदा होतो.

सापळा आणणार असाल तर दुकानदाराला नीट सांगा. आंब्याच्या बागेत लावतात त्या सापळ्यात मिथाइल युजेनॉलचं आमिष असतं. वेलभाज्यांवरची माशी वेगळी, तिला क्यूल्यूर लागतो. आंब्याचा उरलेला सापळा काकडीच्या मांडवाला टांगून ‘उपयोग नाही हो’ म्हणणारे मला दर वर्षी भेटतात. योग्य सापळ्यातही फक्त नर अडकतात, तेव्हा सापळा लावला म्हणून फळं वेचणं सोडायचं नाही.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो हळद्या. पांढरी माशी तो पसरवते आणि एकदा धरलेलं झाड बरं होत नाही. जीव तुटला तरी उपटा. मिरचीची पानं आकसवणाऱ्या बोकड्याचंही तसंच. त्याआधी, नुसती मावा-पांढरी माशी दिसत असताना, लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवून, गाळून, साबणाच्या थोड्या पाण्याबरोबर फवारा. संध्याकाळी फवारा, मधमाश्या परतल्यावर. पाऊस थांबून सकाळी दव पडू लागलं की काकडीच्या जुन्या पानांवर पांढरी भुरी येते. ती पानं काढून टाका आणि वेल थकलाच असेल तर त्याला वाचवत बसू नका.

अळूची बाहेरची पानं काढा, मधली दोन-तीन ठेवा. काढताना हाताला खोबरेल तेल, शिजवताना चिंच किंवा आमसूल. लाल माठ उपटण्याऐवजी चार बोटं ठेवून कापलात तर पुन्हा फुटतो.

थकलेले वेल उतरवले की मांडवाखाली जी जागा मिळते, तिथे लगेच पेरू नका. चार महिन्यांच्या पावसाने जांभ्याच्या मातीतलं सत्त्व धुऊन नेलेलं असतं आणि वरचा थर घट्ट बसलेला असतो. तण बी धरण्याआधी काढा, माती मनगटभर खोल उकरा, दगड वेचा (मुळ्याला दोन पाय फुटतात ते बरेचदा दगडामुळे), घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि दोन ओंजळी चुलीची राख दर वाफ्याला मिसळा. आमची माती आंबट, राखेने ती जरा निवते. वाफे अजून उंचच ठेवा. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, आणि त्याआधी हस्त नक्षत्र एखाद्या दुपारी सगळी मेथी वाहून नेऊ शकतं.

वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं मात्र आताच टाका, पत्र्याच्या किंवा झापाच्या आडोशाला; चार-पाच आठवड्यांत ती लावायला येतात. मेथी, मुळा, कोथिंबीर घटस्थापनेच्या सुमारास. जुन्या बियाण्याची शंका असेल तर घट बसवता तेव्हाच त्यातले दहा-वीस दाणे पत्रावळीवर मातीत रुजत घाला. निम्मेसुद्धा उगवले नाहीत तर बी बदला. धणे पाटावर हलक्या हाताने रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. आख्खे पेरून पंधरा दिवस वाट बघण्यात काय हशील? वालाची घाई नको, भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो छान येतो.

पाऊस थांबला की ऊन एकदम तापतं आणि पावसाळ्यात वरवर पसरलेली मुळं होरपळतात. म्हणून पाणी आणि आच्छादन एकदमच सुरू करा. सकाळी आळ्यात पाणी, पानांवर नको. त्यावर चार बोटं वाळलेलं गवत किंवा नारळीच्या झावळ्यांचे तुकडे, खोडापासून जरा लांब, नाहीतर वाळवी चढते. बोट मातीत घालून पाहा. दुसऱ्या पेरापर्यंत ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको.

सुरण, कणगर (वेलाखालचा कंद) आणि हळद यांच्या अंगाला अजून हात लावायचा नाही. पानं आपणहून पिवळी पडून आडवी झाली की सुरण काढा, साधारण कार्तिक-मार्गशीर्षात, आणि हळद त्याच्याही नंतर.