ऑर्किड मूळ जातीचं की संकरित?

कोकणातल्या रोपवाटिकेत ऑर्किड घेताना फुलाआधी लेबल वाचा. नावातला दुसरा शब्द इंग्रजी लहान अक्षराने सुरू होत असेल तर मूळ जाती. मोठ्या अक्षराने, जसं ‘डेंड्रोबियम सोनिया’, तर संकर. मधे गुणाकाराची खूण दिसली, तर मात्र अक्षर लहान असूनही तो नैसर्गिक संकरच. लेबल नसेल (बहुधा नसतंच!) तर बहराचा हंगाम विचारा. आपली सीतेची वेणी, ही मूळ जातीची ऑर्किड, पावसाच्या तोंडावर फुलते. पांढरं डेंड्रोबियम बार्बाट्युलम त्याआधीच, पानं गळालेल्या कांडांवर. संकरित सोनिया मात्र वर्षातून अनेकदा फुलतं. नुसत्या रंगावर जाऊ नका, संकर तिथेच फसवतात. आणि जंगलातल्या झाडावरून ओरबाडलेलं कुणी देत असेल, तर घेऊच नका.