शाईचं अमूर्त चित्र पाहताना या चुका टाळा

‘यात काढलंय काय?’ बहुतेकांची गाडी इथेच अडते. चेहरा, पक्षी, झाड शोधायला गेलं की हमखास सापडतं आणि सापडलं की आपलं पाहणं संपतं. त्यापेक्षा हात कुठून आला, कुठे थबकला, कुठे सुटला, हे शोधा.

एकच फटकारा घ्या. ब्रश टेकला तिथे शाई दाट असते, कधी साचून वाळलेली. पुढे ती संपत येते, ब्रशच्या केसांच्या रेघा सुट्या होतात आणि मधून कागद दिसू लागतो. शाई खोडता येत नाही, म्हणून हा सगळा प्रवास कागदावर तसाच राहतो. मला या चित्रांचं वेड लागलं ते यामुळेच.

कडा फुटलेली दिसली की ‘शाई पसरली, बिघडलं’ असं म्हणू नका. अमेरिकन अमूर्त चित्रकार रॉबर्ट मदरवेलने १९६५ साली जपानी कागदावर शाईची सुमारे ६०० चित्रं केली. काढलेलं सुधारायचं नाही, हा नियम त्याने स्वतःला घालून घेतला होता. ब्रश उचलल्यावरही शाई कागदात पसरत राहायची आणि ते त्याला हवंच होतं. दुसरा अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक, त्याच्या १९५१ च्या शाईच्या चित्रांत तर वरच्या कागदातून झिरपलेली शाई खालच्या कागदावर उतरे आणि तिथून तो पुढचं चित्र सुरू करी.

पांढरा भाग म्हणजे उरलेली जागा, हा गैरसमज मात्र सगळ्यात महागात पडतो. डोळे किलकिले करा आणि थोडा वेळ फक्त पांढरे आकार पाहा. दोन काळ्या पट्ट्यांमध्ये चेपलेली पांढरी फट किती ताण धरून असते, ते लगेच जाणवेल. काळ्या-पांढऱ्या चित्रांसाठी ओळखला जाणारा अमेरिकन चित्रकार फ्रान्झ क्लाइन आपण काळ्याइतकाच पांढराही रंगवतो, असं सांगत असे.

काळं म्हणजे दुःख, असंही सरसकट धरू नका. मदरवेलची, यादवी युद्धात कोसळलेल्या स्पॅनिश प्रजासत्ताकासाठीची शोकचित्रं १९४८ मधल्या एका छोट्या शाईच्या चित्रातून निघाली. तिथे काळ्यात शोक आहेच. पण दुसऱ्या चित्रात तेच काळं नुसता वेग असू शकतं.

आणि फोनवर पाहून मत बनवू नका. शाईची जाडी, कागदाला आलेल्या सुरकुत्या तिथे दिसत नाहीत. प्रत्यक्ष चित्रासमोर काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असेल, तर जरा बाजूला सरकून तिरकं पाहा.