खो-खोवर पोट कसं भरायचं

राज्याच्या संघात कधीच न पोचलेल्या माणसाकडून ऐक, पोरा. धाराशिवकडून नऊ वर्षं पळलो, आता शाळेत पोरं खेळवतो.

आधी खांब शीक. उंची १२० ते १२५ सेंटिमीटर. एका हातानं धरून झेपावताना छातीवर पडू नकोस, मांडीच्या बाहेरच्या बाजूनं उतर. आपली काळी माती उन्हाळ्यात विटेसारखी होते. आदल्या संध्याकाळी पाणी मार, सकाळी फावड्यानं उकर. (टँकरच्या गावात पाणी कुठून आणायचं, हा वेगळाच सराव.) मी एकदा आळस केला, ढोपराचं कातडं मैदानातच राहिलं.

खो-खोपटू सारिका काळे आपल्याच जिल्ह्याची, २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. पण तुझ्यामाझ्यासारख्याला आधार सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाचा. त्यासाठी कोणत्या पातळीवर, कितवा क्रमांक लागतो, ते आधी वाच. नुसत्या सहभागावर भागत नाही. प्रमाणपत्राची पडताळणी जाहिरात निघायच्या आधीच करून घे. आणि लॅमिनेशन अजिबात नको. माझ्या एका प्रमाणपत्रावरचा शिक्का त्या गरम मशीननंच पुसला, साहेब म्हणाले, "हे कुणाचं?"