काजू कारखाना टाकण्याआधी बाहेर काय बघाल

वेंगुर्ल्याजवळ माझा छोटा काजू कारखाना आहे. कोणी सल्ला मागायला आलं की यंत्रांचं मी नंतर बोलते. आधी विचारते, बी, म्हणजे टरफलासकटचा कच्चा काजू, कुठून आणणार?

व्यवस्थापनाचा अभ्यासक मायकेल पोर्टर याने १९७९ मध्ये धंद्यावरचे पाच दाब मांडले: पुरवठादार, ग्राहक, नवे येणारे, पर्याय आणि आपसातली स्पर्धा. वहीत पाच पानं करा, पण सारखी भरू नका. आमच्यात पुरवठादाराचं पान सगळ्यात मोठं. बी उन्हाळ्यातच येते, तेव्हाच वर्षाची खरेदी करायची आणि पैसा अडकवायचा. म्हणून बीच्या दरात बँकेचं व्याज धरूनच हिशेब मांडा. गावची बी कमी पडली की आफ्रिकेतली घ्यावी लागते. मग डॉलरचा भाव आणि आयात शुल्कही त्याच पानावर. मोहोराच्या वेळी ढगाळ हवेने पीक घटतं, तेही तिथेच लिहा.

नवे येणारे? २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठरलं. तुम्हाला मिळतं ते शेजाऱ्यालाही मिळतं.

ग्राहकाचं पान बाजारात उभं राहून लिहा. डब्ल्यू-३२० ही गराची प्रत, म्हणजे पौंडाला साधारण ३०० ते ३२० गर, मग तो कुठलाही असो. त्यामुळे ठोक व्यापारी फक्त दर पाडून मागतो. व्हिएतनामच्या कारखान्यांशी दरात भिडायला जाऊ नका. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागाच्या नावाची कायदेशीर ओळख आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करा, सालीसकट भाजलेले गर छोट्या पाकिटांत भरा आणि मालवण-तारकर्लीच्या पर्यटकाला विकून बघा. पाकीट खपलं नाही तर त्याला कारण विचारा, तेही लिहा.